व्हायरल दाव्याची पडताळणी: क्रम कुठे चुकतो आणि तो कसा असावा

एखाद्या मेसेजची शहानिशा करा असे सांगितले की बहुतेक माणसे तीन गोष्टी करतात. तो मेसेज पुन्हा एकदा, या वेळी सावकाश वाचतात. त्यातलेच ठळक शब्द उचलून सर्चमध्ये टाकतात. आणि वरच्या चार-पाच निकालांत तीच गोष्ट दिसली की "मी स्वतः शोधून पाहिले" असे छातीठोकपणे सांगू लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने नेमकी हीच सवय तपासली. खोट्या बातमीची खातरजमा करण्यासाठी ऑनलाइन शोध घेणाऱ्यांचा त्या बातमीवरचा विश्वास शोध न घेणाऱ्यांपेक्षा वाढलेला आढळला, आणि ज्यांच्या शोधात हलक्या दर्जाची संकेतस्थळे वर आली त्यांच्या बाबतीत हे विशेष दिसले. दोष हुशारीचा किंवा शिक्षणाचा नसतो. मजकूर सर्वांत शेवटी वाचायचा असतो आणि आपण तो सर्वांत आधी वाचतो, एवढीच चूक असते. पण तिच्यामुळे पुढची सगळी मेहनत वाया जाते.

## पूर्वतयारी

पहिली तयारी निवडीची आहे. येईल तो प्रत्येक मेसेज तपासणे कोणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या दाव्यावरून औषध, पैसा, मत किंवा एखाद्या व्यक्तीची अब्रू यांविषयी काही ठरणार आहे, तोच दावा तपासायला घ्यावा; बाकीचे न तपासता आणि पुढे न पाठवता सोडून द्यावेत.

दुसरी तयारी वेळेची. वाचताना छातीत धडधडले, राग उफाळून आला किंवा "बघा, मी म्हणत होतोच" असा आनंद झाला, तर निदान अर्धा तास फोन बाजूला ठेवावा. यांपैकी तिसरी भावना सर्वांत घातक आहे, कारण पहिल्या दोघींप्रमाणे ती स्वतःची जाणीव करून देत नाही.

तिसरी तयारी साधनांची. शक्यतो मोठ्या पडद्यावर काम करावे, कारण एका वेळी सात-आठ टॅब उघडे ठेवावे लागतात. एखादे छायाचित्र आधी कुठे कुठे आले होते हे त्या छायाचित्रावरूनच शोधण्यासाठी गूगल लेन्स आणि टिनआय, आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती पाहण्यासाठी वेबॅक मशीन एवढे हाताशी असले तरी सुरुवातीला पुरते. सोबत एक कागद घ्यावा आणि त्यावर एकच ओळ लिहून ठेवावी: कोणता पुरावा मिळाला तर माझे मत बदलेल? शोध सुरू झाल्यावर ही ओळ प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

सावधान: व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसत असेल, तर तो मूळ लेखकापासून निदान पाच फॉरवर्ड दूर आलेला आहे. त्यावरून तो खोटा ठरत नाही. परंतु पाठवणाऱ्याला त्यातले काही ठाऊक असेल ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी.

## टप्पा १: दावा एका वाक्यात मांडा

व्हायरल मजकुरात दावा क्वचितच सुटा मिळतो. प्रश्नचिन्हे, उद्गारचिन्हे, "ते तुम्हाला हे सांगणार नाहीत" असली वाक्ये आणि दोन-तीन निरनिराळे दावे यांची त्यात सरमिसळ असते. त्यामुळे प्रथम कागदावर प्रत्येक दावा वेगळा लिहावा आणि त्याची जात ओळखावी: एखादी घटना घडली असे म्हटले आहे का, एकीमुळे दुसरी घडली असे म्हटले आहे का, की कोणीतरी हेतुपुरस्सर घडवून आणले असे म्हटले आहे.

उदाहरणार्थ, २०२० साली "फाइव्ह-जी टॉवर उभे राहिले आणि साथ आली, हे मुद्दाम केले आहे" असा मजकूर अनेक भाषांत फिरत होता आणि त्यापायी ब्रिटनमध्ये मोबाइल टॉवर जाळण्यापर्यंत मजल गेली. या एका वाक्यात तीन दावे आहेत. काही ठिकाणी टॉवर नव्याने उभे राहिले, हा पहिला आणि तो खरा. टॉवरमुळे आजार पसरला, हा दुसरा. विषाणू रेडिओ लहरींवरून प्रवास करीत नाही आणि जिथे फाइव्ह-जी जाळे नव्हते त्या देशांतही साथ पसरली, म्हणून तो खोटा. मुद्दाम केले, हा तिसरा. दुसरा कोसळल्यावर त्याला उभे राहायला जागाच उरत नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र पहिल्याचा खरेपणा गुपचूप तिसऱ्याच्या खात्यावर जमा झालेला असतो.

तपासा: लिहिलेले वाक्य "हो" किंवा "नाही" असे उत्तर देता येण्याजोगे आहे का? "काहीतरी शिजते आहे" हा दावा नव्हे; तो तपासता येत नाही आणि तपासायला बसूही नये.

## टप्पा २: मजकूर सोडा, सांगणाऱ्याची चौकशी करा

इथे बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ जणांची पाहणी मांडली: डॉक्टरेट मिळवलेले १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि २५ विद्यार्थी. एका कामात त्यांच्यापुढे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे ठेवली होती. एक संघटना १९३० पासूनची आणि हजारो सदस्यांची, तर दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेली छोटी. नावे मात्र दचकावे इतकी सारखी. विद्यार्थीच काय, इतिहासकारही बोधचिन्ह, मांडणी, तळटिपा आणि गंभीर भाषा न्याहाळत त्याच पानावर रेंगाळले आणि त्यांतले बरेच फसले. पडताळकांनी पानावर जेमतेम नजर टाकली, लगेच नवे टॅब उघडले आणि या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते आधी पाहिले. त्यांचा निर्णय अधिक अचूक तर होताच, शिवाय त्याला वेळही कमी लागला.

कृती अशी करावी. संकेतस्थळाचे, वाहिनीचे किंवा लेखकाचे नाव नव्या टॅबमध्ये टाकून त्याच्या स्वतःच्या पानाबाहेरची माहिती काढावी. तो कोण आहे, या विषयाशी त्याचा संबंध काय, त्याला पैसा कुठून येतो आणि याआधी तो कशावरून पकडला गेला आहे, एवढेच पाहावे. खाते असेल तर ते केव्हा उघडले आणि मागच्या पोस्ट कशाविषयीच्या आहेत ते पाहावे. गेल्या महिन्यापर्यंत क्रिकेटच्या क्लिपा टाकणारे खाते आज लसशास्त्र शिकवत असेल, तर वेगळे काही सांगायला नको. "आमच्याविषयी" हे पान मात्र शेवटी वाचावे, कारण स्वतःविषयी वाईट कोणी लिहीत नाही.

डॉक्टर किंवा प्राध्यापक ही पदवी पाहून थांबू नये. प्रश्न पदवीचा नसून ती कोणत्या विषयातली आहे याचा असतो, आणि त्या विषयातले इतर लोक या माणसाशी सहमत आहेत का, याचा असतो.

सावधान: कोणी सांगितले यावरून दावा आपोआप खरा किंवा खोटा ठरत नाही. पुढच्या टप्प्यांत पुरावा किती कडक मागायचा, एवढेच या चौकशीने ठरते.

## टप्पा ३: छायाचित्र, व्हिडिओ आणि उद्धृते यांचे मूळ शोधा

पूर आलेल्या महामार्गावर गाडीशेजारून शार्क पोहत चालला आहे, हे छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी ते फिरले आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादळात नव्या गावाचे नाव लावून पुन्हा आले. २०१७ च्या हार्वी वादळातही आले. त्यातला शार्क आफ्रिकेत काढलेल्या एका जुन्या छायाचित्रातून कापून घेतला आहे, ज्यात तो कायाक नावेच्या मागे पोहत होता.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे, पाण्याखाली गेलेल्या एका परसात शार्कसारखा मासा पोहतानाचा व्हिडिओ आला. दुधाने तोंड पोळलेल्या अनेकांनी तो पाहताक्षणी खोटा ठरवला. पडताळणीत तो त्याच जागी आणि त्याच वेळी चित्रित झालेला अस्सल व्हिडिओ निघाला. "असले सगळे खोटेच असते" हीसुद्धा न तपासता केलेली समजूतच आहे.

क्रम असा ठेवावा:

१. चित्रावरची अक्षरे, बाण आणि चौकटी कापून टाकाव्यात. त्या तशाच ठेवल्या तर शोधात तीच व्हायरल प्रत परत परत सापडते.

२. उरलेले चित्र गूगल लेन्समध्ये आणि मग टिनआयमध्ये टाकावे. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावण्याची सोय आहे, ती वापरावी. घटनेच्या तारखेच्या आधीची एक जरी प्रत सापडली तरी तिथेच निकाल लागतो.

३. व्हिडिओ असेल तर त्याचे तीन-चार स्क्रीनशॉट घ्यावेत आणि त्यांतला पहिला अगदी सुरुवातीचा असावा. पाट्या, वाहनांचे क्रमांक, झाडांच्या सावल्या आणि लोकांचे कपडे यांवरून स्थळ आणि ऋतू जुळतो का ते पाहावे. आवाज बंद करून एकदा पाहावे आणि चित्र न पाहता एकदा ऐकावे. कित्येकदा चित्र एका घटनेचे आणि आवाज दुसऱ्याच घटनेचा असतो.

४. वर्तमानपत्राच्या बातमीचा स्क्रीनशॉट असेल, तर ती बातमी त्या वर्तमानपत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधावी. "त्यांनी काढून टाकली" असा युक्तिवाद असेल, तर वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकून पाहावा.

५. थोर माणसाचे वचन असेल, तर ते कोणत्या भाषणात, कोणत्या पुस्तकात, कोणत्या वर्षी आहे हे विचारावे. उत्तर मिळत नसेल तर ते त्यांच्या नावावर पुढे पाठवू नये, वचन कितीही चांगले असले तरी.

यंत्राने तयार केलेल्या चित्रांत बोटे मोजण्याचा उपाय आता भरवशाचा राहिलेला नाही. त्यापेक्षा परिस्थितीला प्रश्न विचारावेत. २२ मे २०२३ रोजी पेंटागॉन या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचे असेच एक बनावट चित्र पसरले आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटे घसरला. वर्दळीच्या ठिकाणी दिवसाढवळ्या स्फोट झाला असता, तर वेगवेगळ्या बाजूंनी टिपलेली शेकडो चित्रे आली असती. इथे एकच चित्र होते. चित्राकडे टक लावून जे कळले नसते, ते दुसरे चित्र नसण्याने कळले.

तपासा: चित्र खरे निघाले, तरी काम संपलेले नाही. चित्रासोबत लिहिलेली ओळ खरी आहे का? अस्सल जुने चित्र आणि खोटी नवी ओळ ही जोडी, चित्रात केलेल्या फेरफारापेक्षा कितीतरी सोपी असते. मी स्वतः एकदा पाण्याखाली गेलेल्या पुलाचे छायाचित्र घाईघाईने ग्रुपवर टाकले होते. पूल तोच होता, पूरही खराच होता, फक्त तो सहा वर्षांपूर्वीचा होता.

## टप्पा ४: शोधाचे शब्द स्वतः निवडा

सर्च इंजिन आपण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते, आणि प्रश्न जर दावेदाराने लिहून दिलेला असेल तर उत्तरही त्याच्याच गोटातून येते. एखादा चमत्कारिक शब्दप्रयोग केवळ त्या दाव्याच्या प्रसारकांनीच वापरलेला असतो. इतर कोणी तो वापरत नाही, म्हणून त्याविरुद्धचे लेखनही त्या शब्दाखाली सापडत नाही. "स्वतः शोधून पाहा" असे आवाहन करणाऱ्या पोस्टमध्ये बहुधा शोधायचा शब्दही अगत्याने दिलेला असतो, तो याचसाठी.

म्हणून मेसेजमधला मथळा किंवा वाक्य कॉपी करून टाकू नये. घटनेचे साधे नाव, स्थळ आणि वर्ष टाकावे. नंतर उलट बाजूने एकदा विचारावे: "अमुक सुरक्षित आहे हे कशावरून" आणि "अमुक घातक आहे हे कशावरून" अशा दोन्ही शोधांचे निकाल शेजारी ठेवावेत. पहिल्या निकालावर लगेच क्लिक न करता पूर्ण पान खाली सरकवत कोण कोण बोलत आहे ते आधी पाहावे.

सावधान: दहा संकेतस्थळांवर तीच बातमी असणे म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. प्रत्येक बातमीच्या तळाशी जाऊन ती कोणाच्या हवाल्याने दिली आहे ते पाहावे. दहाही जणांचा हवाला एकाच ट्विटचा असेल, तर साक्षीदार एकच. चॅटबॉटला "हे खरे आहे का" असे विचारून त्याचे उत्तर अकरावा साक्षीदार म्हणून धरू नये. त्याने दिलेले मूळ दुवे उघडून वाचल्याशिवाय ते धरण्याजोगे नसते.

## टप्पा ५: "संशोधनाने सिद्ध झाले" हे वाक्य उघडा

मूळ शोधनिबंध शोधावा आणि चार गोष्टी पाहाव्यात: तो किती जणांवर केला, तुलनेसाठी दुसरा गट होता का, नंतर तो मागे घेतला गेला का, आणि त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत काय आढळले.

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते, ही भीती ज्या निबंधातून पसरली तो अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. त्यात फक्त १२ मुले होती आणि तुलनेचा गट नव्हता. २०१० साली नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. तरीही "लॅन्सेटमध्ये छापून आले आहे" हे अर्धे वाक्य आजही फिरते. आणि ते खोटे नाही, ही त्यातली मेख आहे.

टक्केवारीबाबत एकच नियम लक्षात ठेवावा. "धोका दुप्पट" असे दिसले की "कितीवरून किती" असे विचारावे. लाखात एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच असते.

## टप्पा ६: कट असल्याचा दावा असेल तर वेगळी कसोटी लावा

"कट वगैरे काही नसते" असे म्हणून चालणार नाही, कारण कट झालेले आहेत. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना, त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस असताना, खरा आजार न सांगता निरीक्षणाखाली ठेवले आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचार दिले नाहीत. फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर बसवले होते की, चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरता धूर कमी सोडत असे. २०१५ मध्ये हे उघड झाले आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते असल्याचे कंपनीने मान्य केले.

हे दोन्ही कट बाहेर कसे आले, ते पाहावे. टस्कीगीचे निष्कर्ष तर १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापले जात होते. शेवटी खात्यातल्याच एका माणसाने कागद पत्रकारांकडे पोहोचवले. फोक्सवॅगनच्या बाबतीत विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला, तेव्हा आकडे जुळेनात. हेतू मर्यादित होता, माणसे मोजकी होती, आणि उघड झाल्यावर कागद, नावे, कबुली आणि दंड अशी ठोस वस्तू पुढे आली.

आता चंद्रावर माणूस उतरलाच नाही, या दाव्याला हीच मोजपट्टी लावून पाहावी. ध्वज हवेशिवाय कसा फडकला, हा त्यातला लाडका प्रश्न आहे. ध्वजाच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती, म्हणून तो पसरलेला दिसतो. परंतु एकेका शंकेचे उत्तर देत बसण्यापेक्षा दावा खरा असता तर काय काय खोटे असावे लागेल, याची यादी करावी. सहा मोहिमांनी आणलेले ३८२ किलो दगड-माती, जे अनेक देशांतील प्रयोगशाळांनी तपासले. अपोलो ११, १४ आणि १५ यांनी ठेवलेले परावर्तक, ज्यांवर आजही पृथ्वीवरून लेसर सोडून अंतर मोजतात. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेली उतरण्याच्या जागांची चित्रे. आणि खोटे पकडण्याची साधने व प्रबळ इच्छा दोन्ही असलेल्या सोव्हिएत संघाचे मौन. एवढे सगळे एकाच वेळी बनावट असायला हवे.

दाव्याला पुढील प्रश्न विचारावेत. किती माणसांना किती वर्षे गप्प बसावे लागेल? ज्याचा यात तोटा आहे, असा बलवान प्रतिस्पर्धी गप्प का? दावेदाराने स्वतःचा पर्यायी घटनाक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडला आहे, की केवळ शंकांची रास घातली आहे? आणि सर्वांत निर्णायक: विरुद्ध पुरावा दाखवला की तोही कटाचाच भाग ठरतो का? तसे असेल तर पुरावा गोळा करणे थांबवावे. जो दावा कशानेच चुकू शकत नाही, त्याची पडताळणी होऊ शकत नाही.

सावधान: "कोणाचा फायदा झाला" हा प्रश्न संशयिताकडे बोट दाखवतो, पुरावा देत नाही. प्रत्येक वादळानंतर ताडपत्री विकणाऱ्याचा फायदा होतो.

## टप्पा ७: निष्कर्षाची मात्रा ठरवा

आता कागदावरच्या प्रत्येक वाक्यापुढे चारांपैकी एक शेरा लिहावा: खरे, खोटे, अर्धवट किंवा संदर्भ तोडलेले, आणि पुरावा अपुरा. शेजारी तारीख टाकावी. चौथा शेरा लिहायला लोक कचरतात, कारण तो हार मानल्यासारखा वाटतो. ताज्या घटनेच्या पहिल्या काही तासांत मात्र बहुधा तोच बरोबर असतो. मग पूर्वतयारीत कागदावर लिहिलेली ओळ पुन्हा वाचावी. जो पुरावा मत बदलेल असे म्हटले होते तो मिळाला असेल आणि मत बदलले नसेल, तर चूक दाव्यात शोधू नये.

## टप्पा ८: उत्तर कसे द्यावे

खोटे निघाले म्हणून त्याच चित्राचा स्क्रीनशॉट "हे खोटे आहे" असे लिहून सर्वत्र पाठवू नये. वारंवार कानावर पडलेले विधान खरे वाटू लागते, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले आहे. वाचणाऱ्याच्या लक्षात चित्र राहते आणि आपली टीप विरते. खरी गोष्ट आधी लिहावी, खोटी एकदाच आणि थोडक्यात सांगावी, आणि मूळ पुराव्याचा दुवा द्यावा.

चारचौघांत चूक दाखवली की माणूस दुखावला जाऊ शकतो, म्हणून शक्यतो वैयक्तिक निरोप पाठवावा. तो असा असू शकतो: "काका, तुम्ही सकाळी पाठवलेला पुलाचा व्हिडिओ मीही पाहिला आणि मलाही आधी खराच वाटला. त्यातले दृश्य सहा वर्षांपूर्वीचे आहे, तेव्हाची बातमी सोबत पाठवतो. तुम्हाला ठीक वाटले तर ग्रुपवर तुम्हीच सांगाल का?"

चूक आपलीच असेल, तर व्हॉट्सॲपवर "सर्वांसाठी डिलीट" करण्याची मुदत साधारण दोन दिवसांपेक्षा थोडी जास्त असते. मुदतीत असलो तरी नुसते डिलीट करून गप्प बसू नये, कारण तोवर तो मेसेज इतर ग्रुपवर गेलेला असतो. डिलीट करून त्याच ग्रुपवर काय चुकले ते दोन ओळींत लिहावे. मुदत उलटून गेली असेल, तर त्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून दुरुस्ती टाकावी, म्हणजे मागे जाऊन तो मेसेज शोधणाऱ्यालाही ती सापडेल.